फोटो कुणाचा, काम कुणाचे?

एप्रिल महिना संपला की आपल्या वस्त्यांतली मंडळे हिशेबाला बसतात. वर्गणी किती जमली, मंडपवाल्याचे किती देणे राहिले, खिरीला दूध किती लागले, याचा ताळेबंद मांडला जातो. हिशेब संपला की कुणीतरी मोबाईल पुढे करतो आणि जयंतीचे फोटो दाखवू लागतो. दोन-अडीचशे फोटो असतात. त्यातले निम्म्याहून अधिक व्यासपीठाचे. पाहुण्यांना शाल, पाहुण्यांना पुष्पगुच्छ, पाहुणे माईकसमोर, पाहुणे मेणबत्ती लावताना. उरलेल्यांत मिरवणूक आणि पदाधिकाऱ्यांची मुले. पहाटे चारला उठून तीनशे माणसांचा भात ज्या माय-भगिनींनी शिजवला, त्यातली एकही त्या फोटोंत नसते. रात्रभर शिडीवर चढून पताका बांधणारी पोरेही नसतात.

गेली बरीच वर्षे ऑफिस सुटल्यावर आम्ही मंडळाचे दप्तर सांभाळतो. त्यामुळे पावत्या, व्हाउचर, इतिवृत्त आणि फोटो हे सारे आमच्याच कपाटात येऊन पडते. खर्चाचे व्हाउचर नसेल तर तपासनीस तो खर्च मान्य करीत नाही. फोटोचेही तसेच आहे. ज्याचा फोटो नाही त्याचे काम पुढच्या पिढीच्या खात्यावर जमा होत नाही. आणि आपल्या समाजात काम काही थोडे होत नाही. अभ्यासिका चालतात, रक्तदान होते, वह्या वाटल्या जातात, आरोग्य शिबिरे होतात, श्रामणेर शिबिरे होतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेल्या लाखोंना पाणी पाजणारे, जेवण वाढणारे, हरवलेली लेकरे आईबापांपाशी पोचवणारे हजारो हात असतात. हे सारे मिशनचे काम. त्याचे फोटो कसे काढावेत, कुणाचे काढावेत आणि कुठे काढूच नयेत, याचा आज थोडा विचार करू.

नाव नसलेला फोटो

दादरच्या राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा एक फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. बाबासाहेब, माता रमाई, चिरंजीव यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव. समोर बाबासाहेबांचा आवडता कुत्रा आहे. त्याचे नाव टॉबी, हेही आपल्याला ठाऊक आहे. का ठाऊक आहे? कारण कुणीतरी त्या फोटोखाली सगळी नावे लिहून ठेवली. रमाईंचे फोटो मोजकेच. या फोटोनंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, त्या गेल्या. तो फोटो त्या दिवशी निघाला नसता तर आज आपल्या घराघरांतल्या भिंती केवढ्या रित्या राहिल्या असत्या!

आता दुसरा फोटो पाहा. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची परिषद झाली. तिच्यासोबत महिलांची परिषदही झाली आणि सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षस्थानी होत्या. त्या वेळचा बाबासाहेब आणि महिला प्रतिनिधींचा फोटो कॅलेंडरांवर, विशेषांकांत पुन्हा पुन्हा छापला जातो. खाली ओळ असते, 'महिला प्रतिनिधींसमवेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. एवढेच. त्या काळात घरदार, लेकरे मागे ठेवून परिषदेला आलेल्या त्या बाया कोण होत्या, कोणत्या गावच्या, घरी परतल्यावर त्यांना काय ऐकून घ्यावे लागले? फोटो आहे, पण नावे नाहीत. म्हणून तो फोटो अर्धाच बोलतो.

ही उणीव ओळखून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. कल्याणचे विजय सुरवाडे यांनी कित्येक वर्षे खपून बाबासाहेबांची छायाचित्रे आणि कागदपत्रे जमवली. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून ती चित्रफितीवर उतरवून घेतली. दुसऱ्या कुणी आपला इतिहास जपून ठेवील अशी वाट ही माणसे पाहत बसली नाहीत.

ही गोष्ट केवळ थोरामोठ्यांची नव्हे. आमच्या वस्तीतल्या विहारात एक बाई होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. रोज संध्याकाळी विहार झाडायचा, तांब्याचे भांडे घासायचे, बुद्धरूपासमोरची कालची फुले उचलायची, हे त्यांनी तीसेक वर्षे केले. आक्का गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ठेवायला फोटो हवा म्हणून मुलगा मंडळाकडे आला. मंडळाचे तिन्ही अल्बम चाळले. प्रत्येक वर्षीचे प्रमुख पाहुणे त्यांत होते. आक्का एकाच फोटोत सापडल्या. कडेला, पाठमोऱ्या, हातात झाडू. अखेर रेशनकार्डावरचा अंगठ्याएवढा फोटो मोठा करून चौकटीत बसवला. नाक-डोळे फुटलेले, चेहरा ओळखू येईना. शाळेत जाणारी नात बराच वेळ त्या फोटोपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ही माझी आजी नाही वाटत." मुलगा काही बोलला नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही. विहारात, अभ्यासिकेत, शिबिरात जो राबतो त्याचा एक तरी चांगला फोटो, समोरून, हसऱ्या चेहऱ्याचा, दरवर्षी निघालाच पाहिजे. आणि त्याखाली त्याचे पूर्ण नाव पाहिजे.

घेणाऱ्याची मान

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जून महिन्यात वह्यावाटप होते. पोराने एका हाताने वह्या धरायच्या, देणाऱ्याने दुसऱ्या टोकाला हात लावायचा, दोघांनी कॅमेऱ्याकडे पाहायचे, मग पुढचा. हा देखावा आपण सर्वांनी पाहिला आहे.

शेजारच्या वस्तीत बाहेरून आलेल्या एका संस्थेने असेच वाटप केले आणि फोटोंचा मोठा फलक नाक्यावर लावला. वर लिहिले होते, 'गरीब विद्यार्थ्यांना मदत'. नववीतली एक मुलगी त्यात ठळक दिसत होती. वर्गात तिला मुले 'फलकवाली' म्हणू लागली. पुढच्या वर्षी आमच्या मंडळाच्या वाटपाच्या यादीत तिचे नाव होते. ती आली नाही, आई आली. आई म्हणाली, "दादा, वह्यांचं मी कसंतरी बघीन. दोन घरची भांडी जास्त घासीन. पण पोरगी म्हणते, फोटो काढणार असतील तर मला नको." तिला फोटोशिवाय वह्या मिळाल्या, हे वेगळे सांगायला नको. पण विचार करा, दोनशे रुपयांच्या वह्यांसाठी एका लेकराने शाळेत वर्षभर मान खाली घालावी काय? ज्या माणसाने आपल्याला मान वर करायला शिकवले, त्याच्या जयंतीच्या नावाने हे घडावे काय?

२०२० च्या टाळेबंदीत हा प्रकार देशभर बोकाळला होता. पाच किलो पिठाच्या पिशवीला दहा हात आणि समोर एक उपाशी माणूस. राजस्थानात तर तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी एप्रिल २०२० मध्ये धान्य वाटताना फोटो काढायला मनाई केली. सरकारला हे सांगावे लागले.

आपल्या धम्मात तर दानाची रीत आधीपासूनच वेगळी आहे. विहारात भिक्खू संघाला भोजनदान देतो तेव्हा आपण काय करतो? देणारा खाली बसतो, हात जोडतो, आणि घेणाऱ्याला वंदन करतो. घेणारा लहान होत नाही. हीच रीत वह्या देताना का नसावी? लेकराने वह्या घेतल्या म्हणून आपल्याला दान देण्याची संधी मिळाली, असे समजून द्यावे. मग फोटोचा मोह आपोआप सुटतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, देणगीदाराला पुरावा दाखवावा लागतो. रास्त आहे. आम्ही कॉमर्स शिकलो आहोत, पुराव्याला आमचा विरोध कसा असेल? पण पुरावा म्हणजे लेकराचा चेहरा नव्हे. खरेदीचे बिल, खोकी उतरवून घेतानाचा फोटो, रात्री बारापर्यंत बसून संच बांधणारी तरुण मुले, हातात यादी घेऊन टिकमार्क करणारी ताई, पालकांच्या सह्यांचा कागद. हे देणगीदाराला पाठवा. त्याला काम कळेल, कष्ट कळतील, आणि एकाही मुलाची मान खाली जाणार नाही.

शील कॅमेऱ्यालाही आहे

आपण रोज पंचशील घेतो. दुसरे शील सांगते की न दिलेले घेऊ नये. आम्ही हे शील फोटोलाही लावतो. एखाद्याचा चेहरा त्याने दिला नसेल तर घेऊ नये. "ताई, फोटो काढू का? अहवालात छापणार आहोत" एवढे विचारायला क्षणही लागत नाही. विचारताना फोटो कुठे जाणार तेही सांगावे. अल्बमला हो म्हणणारी व्यक्ती फेसबुकला नाही म्हणू शकते. आणि 'नाही' म्हटले की पुन्हा गळ घालू नये. मूल असेल तर आई-वडिलांना विचारावे आणि मुलालाही विचारावे.

चौथे शील खोटे न बोलण्याचे. झाडलेल्याच अंगणात झाडू धरून दहा जण उभे राहतात, फोटो निघतो, झाडू टाकला जातो. हा फोटो खोटे बोलतो. खरे काम चालू असताना कॅमेरा घेऊन बाजूला उभे राहावे. थोड्या वेळाने माणसे कॅमेरा विसरतात. मग घाम पुसणारा, पाण्याचा पिंप ढकलणारा, रक्त देताना डोळे मिटून घेणारा, अभ्यासिकेत पुस्तकावर डोके टेकून झोपी गेलेला असे फोटो मिळतात. झोपलेल्याला मात्र उठल्यावर दाखवून विचारावे!

मुंबईचे सुधारक ओलवे यांचे काम तरुणांनी अवश्य पाहावे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कष्ट आणि जगणे त्यांनी वर्षानुवर्षे टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका दिवसात येऊन, फोटो काढून निघून जाण्याने असे काम होत नाही.

कॅमेरा खिशात ठेवावा अशा जागा

काही ठिकाणी फोटो काढूच नये. व्यसनमुक्तीच्या बैठकीत येणारा भाऊ मोठ्या हिमतीने आलेला असतो. त्याचा फोटो गटावर पडला तर तो पुन्हा येणार नाही. आरोग्य शिबिरात डॉक्टर, रक्तदाबाचे यंत्र, नोंदणीचे टेबल यांचे फोटो घ्यावेत. रोग्याचा चेहरा आणि त्याच्या हातातला केसपेपर घेऊ नये. घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या भगिनीचा फोटो तर कधीच नाही.

लहान मुलांविषयी कायदाही स्पष्ट आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार, कायद्याच्या प्रक्रियेत असलेल्या किंवा निराधार म्हणून संरक्षणाखाली असलेल्या मुलाची ओळख पटेल असे काही प्रसिद्ध करता येत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाबाबत पोक्सो कायदा २०१२ च्या कलम २३ ने अशीच बंदी घातली आहे. नाव गाळले आणि घर, शाळा, आई दाखवली तरी ओळख पटतेच, हे ध्यानात घ्यावे.

अत्याचार झालेल्या कुटुंबाच्या भेटीला आपले कार्यकर्ते जातात. तिथे दोन प्रकारचे फोटो असतात. जळालेले घर, मोडलेले दार, जखमा हे पुराव्याचे फोटो. ते कुटुंबाच्या संमतीने काढावेत, वकिलांच्या हाती द्यावेत आणि गटागटांवर फिरवू नयेत. मूळ फोटो ज्या मोबाईलमध्ये आहे तो मोबाईल जपावा, फोटोत काटछाट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा पुरावा न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ जपलेले असेल तर ते काम सोपे होते. दुसरा प्रकार म्हणजे रडणाऱ्या आईच्या शेजारी उभ्या राहिलेल्या नेत्याचा फोटो. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

उजेड आणि चेहरा

आता थोडे कामाचे. बुद्धपौर्णिमेला आपल्या उपासिका पांढऱ्या साड्या नेसतात. फोटोत साडी लख्ख येते आणि चेहरा काळपटतो, मग त्या बिचाऱ्या म्हणतात, "आमचा फोटो चांगला येतच नाही." दोष त्यांचा नाही. पांढऱ्या रंगाचा उजेड पाहून कॅमेरा सगळाच फोटो काळोखा करतो. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे. मग कॅमेरा चेहऱ्याप्रमाणे उजेड धरतो. माणसाला खिडकीकडे तोंड करून उभे करावे, पाठ करून नव्हे. निळ्या ताडपत्रीखाली सगळे चेहरे निळसर येतात, म्हणून जमल्यास ताडपत्रीच्या कडेला, मोकळ्या उजेडात यावे.

आणि चेहरा गोरा करणारी मोबाईलमधली सोय आधी बंद करावी. पूर्वी कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो पाठवीत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिच्या कातडीचा रंग नीट आला की सगळे रंग नीट, असा हिशेब होता. सावळे आणि काळे चेहरे त्या हिशेबात बुडत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डे यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. यंत्राने केलेला हा भेदभाव आता आपण आपल्याच बोटाने का करावा? उन्हात राबून रापलेला चेहरा जसा आहे तसाच सुंदर आहे.

फोटोंचे दप्तर

छत्तीस फोटोंचा रोल होता तेव्हा माणूस विचार करून बटण दाबी. आता फोटो फुकट झाले आणि हजारोंच्या ढिगात हवा तो सापडत नाही. म्हणून प्रत्येक मंडळाने एक साधी नोंदवही घालावी. रकाने एवढेच: क्रमांक, तारीख, ठिकाण, काय काम चालले आहे, डावीकडून उजवीकडे नावे, फोटो कुणी काढला, कुठे छापायला संमती आहे. कार्यक्रम झाला की आठ दिवसांत शंभरातले दहा फोटो निवडावेत आणि वहीत चढवावेत. फोटो काढणाऱ्याचे नाव विसरू नये. तोही राबलेला असतो आणि बहुधा एकाही फोटोत नसतो.

व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो आणि काढल्याची तारीख-वेळ त्यातून निघून जाते. जपायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. एक प्रत संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरी ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात कित्येक खोल्यांतल्या पेट्या भिजल्या आणि लग्नाचे, मोर्चांचे फोटो लगद्यासारखे झाले. घरोघरी हे आजही सांगतात. वर्षातून निवडक दहा-वीस फोटो कागदावर छापून घ्यावेत. मागे मऊ पेन्सिलीने नाव लिहावे, कारण बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो. जुना फोटो लॅमिनेट करू नये, चिकट पानांच्या अल्बममध्ये डकवू नये. तो पुन्हा सुटा होत नाही.

आणि ज्याचा फोटो, त्याला एक प्रत द्यावी. फार पैसे लागत नाहीत. भात शिजवणाऱ्या मावशीच्या हातात तिचा फोटो पडला की ती तो पदराने पुसून पाहते आणि भिंतीवर लावायला जागा शोधते.

वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो. त्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन होते, माणसे रोज जमतात. त्यातली एक संध्याकाळ जुन्या फोटोंसाठी ठेवावी. प्रत्येकाने घरातला एक जुना फोटो आणावा. मोर्चाचा असो, १९५६ नंतरच्या दीक्षेचा असो, गिरणीच्या फाटकावरचा असो. म्हाताऱ्या माणसांना मधोमध बसवावे, चष्मे पुसून द्यावेत आणि विचारावे, "आजी, ही कोण?" एका मुलाने वही-पेन्सिल घेऊन लिहीत जावे. नावे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत, पण दरवर्षी त्यातली काही कमी होत आहेत. ज्या विहारात अशी संध्याकाळ होईल त्यांनी किती नावे सापडली ते साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे.

जयभीम.